अर्ध्या पट्टीच्या पुढे

“आधी काच कोरडी कर, मग लिही. आणि लिहिताना घाई नको गं. घाईत लिहिलेला आकडा गाडी ऐकत नाही.”

व्हर्जी रॅटलिफ एकोणीस वर्षं हे सांगत आली होती आणि अर्मेला बेट्झ एकोणीस वर्षं ते ऐकत आली होती. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी, व्हर्जीला मातीआड करून सात महिने झाले होते तरी, अर्मेलाने आपल्या जुन्या हिरवट वॅगनची काच टॉवेलने दोनदा पुसली, बुटांच्या पांढऱ्या पॉलिशची बाटली हलवली आणि सावकाश लिहिलं : बारा नव्वद.

सप्टेंबरचा पहिला आठवडा. क्लोव्हर क्रीकच्या पट्टीवर वर्षातली सगळ्यांत मोठी ड्रॅग शर्यत, सरळ पाव मैलावर एका वेळी दोन गाड्यांची, चार दिवस चाले. दुपारी धंदेवाईकांच्या गाड्या सुटत, जमीन हादरे, स्टँड भरून वाहत. हौशी वर्गाच्या वाट्याला सकाळ येई. तेव्हा स्टँडमध्ये झाडूवाले आणि कबुतरं यांच्याशिवाय कोणी नसे, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांचा मका दवाने जड झालेला असे. हौशी म्हणजे नळ जोडणारे, शाळामास्तर, डुकरं पाळणारे शेतकरी. अर्मेला स्वतः शाळेची बस चालवायची. अशा एकशे अठ्ठावीस गाड्या मागच्या गवताळ मैदानात तंबू ठोकून बसत. सोमवारी दुपारी त्यांतली एक उरे.

या वर्गात नुसतं वेगाने धावून भागत नाही. पाव मैलाला आपली गाडी किती सेकंद घेईल ते आधी काचेवर लिहून द्यायचं, बारा नव्वद म्हणजे बारा पूर्णांक नव्वद शतांश सेकंद. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी हिरवा दिवा मिळतो, वेगवान गाडी मागून सुटते. दोघी खऱ्या ठरल्या तर टोकाला बरोबरच पोचतात. आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर हरलात. ज्याला आपली गाडी ठाऊक, तो जिंकतो. व्हर्जीला दोन गाड्या ठाऊक होत्या, नवऱ्याची आणि अर्मेलाची. सकाळी तंबूबाहेर येऊन ती हवा हुंगायची, बोट ओलं करून वर धरायची आणि दोन्ही काचांवर आकडे लिहून टाकायची. तिच्या सातच्या आकड्याला मधोमध एक आडवी रेघ असे, शिवणीतल्या टाक्यासारखी.

अर्मेलाच्या कॅथलिक जपमाळेची ती थट्टा करी. “माळेवर मोजून देव सापडतो का गं तुम्हा लोकांना? मी आपली बोटांवर मोजते.” अर्मेला हसायची आणि माळेची पाच दशकं, दहा-दहा मण्यांची, पुरी झाल्याशिवाय इंजिनाला हात लावायची नाही. तिचा तो नेम होता, पावसात, तापात, बाळंतपणातसुद्धा न मोडलेला.

व्हर्जीचा नवरा एस्टिल रॅटलिफ यंदा येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, केंटकीच्या डोंगरातून गाडी ओढत गुरुवारी एकटाच आला आणि नेहमीच्या जागी बेट्झांच्या शेजारी उतरला. बोलणं तेच होतं. आल्या आल्या त्याने अर्मेलाच्या नवऱ्याला, क्लेटसला, विचारलं, “अजून बायकोच चालवते आणि तू सँडविच खातोस? याला तुम्ही जर्मन लोक शर्यत म्हणता का रे?” क्लेटस म्हणाला, कोणीतरी खायला हवंच, नाहीतर वॅगन हलकी होऊन उडून जायची.

पण संध्याकाळपर्यंत क्लेटसने त्याच्या तोंडून काय काय काढून घेतलं होतं. एस्टिलने शिकारी कुत्री भाच्याला देऊन टाकली होती. हत्यारांची मोठी पेटी शेजाऱ्याला. परसातल्या कोंबड्याही. “म्हातारा आवराआवर करतोय,” क्लेटस हळूच म्हणाला, आणि अर्मेलाने त्या दिवसाची पाचही दशकं एकाच गोष्टीसाठी वाहिली : सोमवारी हा माणूस जिवंत घराकडे निघावा. शर्यतीचं तिने देवाकडे काही मागितलं नाही.

शुक्रवारी पहिल्या फेरीआधी ती कॉफीचा थर्मास घेऊन एस्टिलच्या तंबूत गेली. निळी गाडी पुसून उभी होती. पुढच्या काचेवर आकडा लिहिलेला होता, अकरा सत्तेचाळीस. सातला आडवी रेघ होती.

तिला वाटलं, दुःखात माणूस असं करतो. बायकोचं अक्षर गिरवतो. तिची आई वडिलांची टोपी घालून गोठ्यात जायची, तसंच हे. एस्टिल आतून आला, आकड्याकडे बघत उभा राहिला, मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “उपकार झाले, पोरी. मला वाटलं नव्हतं, तिचं अक्षर तुला इतकं जमत असेल.”

अर्मेलाच्या हातातला थर्मास तसाच राहिला. नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचे डोळे भरले होते आणि ती गप्प बसली. हे गप्प बसणं सोमवारपर्यंत तिला चावत राहिलं.

तो जिंकला. अकरा सत्तेचाळीस लिहिलं होतं, अकरा सत्तेचाळीसच लागलं.

एस्टिलच्या गाडीची बॅटरी धावल्यावर उतरते, म्हणून तिला टोकाहून ओढून आणावं लागे. ते काम व्हर्जीचं. शर्यत सुटायच्या आधी ती पिकअप घेऊन पट्टीच्या पार, गाड्या बाहेर पडायच्या शेवटच्या वळणावर, कॉटनवूडच्या झाडाखाली, जाऊन थांबायची आणि नवरा आला की दोर लावायची. यंदा क्लेटस गेला. परत आला तो जरा विचित्र चेहऱ्याने. एस्टिल पहिलं वळण सोडून, दुसरं सोडून, थेट शेवटापर्यंत गेला होता म्हणे. क्लेटस पोचला तेव्हा तो गाडीत बसून होता आणि शेजारच्या बाजूचं दार उघडं होतं.

“गरम होत असेल,” अर्मेला म्हणाली.

“सकाळी आठला?” क्लेटस म्हणाला. मग त्याने विषय बदलला आणि डुकराच्या मांसाच्या सँडविचचा कागद सोडला.

शनिवारी दोन फेऱ्या होत्या. अर्मेला पहाट फुटताच उठली, माळ संपवली आणि कोणी बघत नाही असं पाहून निळ्या गाडीपाशी गेली. काचेवर आकडा होता. तिने स्प्रे मारला, कापडाने स्वच्छ पुसला, कापड उन्हात धरून पाहिलं. पांढरा डाग होता. म्हणजे पॉलिश खरंच होतं, तिची नजर फसत नव्हती. ती दोन पावलं मागे सरली. पलीकडच्या तंबूत कोणीतरी अंडी तळत होतं. एका बाईने कुत्र्याला हाक मारली. अर्मेलाने तिकडे बघून परत मान वळवली.

आकडा काचेवर होता. ओला होता. शेवटच्या आठच्या खालून एक थेंब ओघळत होता.

तिने पुन्हा पुसलं नाही. छातीवर क्रूसाची खूण केली आणि आपल्या तंबूत येऊन खुर्चीवर बसून राहिली. क्लेटसने विचारलं तेव्हा तिने सांगितलं. क्लेटस बराच वेळ पाव चावत राहिला. त्याच्या मते म्हाताराच करत होता, त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. झोपेत चालणारी माणसं असतात, झोपेत लिहिणारीही असतील. अर्मेलाने मान हलवली. एस्टिल त्या वेळी दाढी करत होता, तिने त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नळावर पाहिलं होतं.

शनिवारच्या दोन्ही फेऱ्या, रविवारच्या दोन्ही फेऱ्या एस्टिलने जिंकल्या. हातात येणाऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा आणि लागलेला आकडा हजारावा भागसुद्धा न चुकता सारखे. मैदानात कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याने कसलं तरी यंत्र बसवलंय. तपासनीस आले, बॉनेट उघडून गेले, त्यांना काही सापडलं नाही. आणि प्रत्येक वेळी गाडी शेवटच्या वळणावर, कॉटनवूडखाली, शेजारचं दार उघडं.

अर्मेलाही जिंकत होती, आपल्या साध्यासुध्या आकड्यांवर, कधी समोरच्याच्या चुकीने. रविवारी संध्याकाळी जोड्या लागल्या. चार गाड्या उरल्या होत्या. सोमवारी सकाळी तिची गाठ एस्टिलशी होती.

सोमवारी रांगेत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लागल्या, डावीकडे तो, उजवीकडे ती. पुढे दुसऱ्या वर्गाची एक गाडी तेल सांडून गेली होती, ते पुसून होईतो अर्धा तास जाणार होता. वारा पडला होता. अर्मेलाने हेल्मेट मांडीवर घेतलं आणि सहज डावीकडे पाहिलं.

निळ्या गाडीच्या पुढच्या काचेवर नेहमीसारखा आकडा होता, अकरा अठ्ठेचाळीस. पण तिच्या बाजूच्या दाराच्या काचेवर आणखी एक आकडा होता. तिला तो पटकन वाचता येईना, कारण तो उलटा होता. मग लक्षात आलं. तो आतून लिहिलेला होता, शेजारच्या, उजव्या सीटवर बसून. चालवणाऱ्याला वाचता यावा म्हणून.

सात एकोणतीस. सातला आडवी रेघ.

साडेअकरा सेकंदांची गाडी सात एकोणतीसला कुठे असते, हे या मैदानातलं शेंबडं पोरही सांगेल. अर्ध्या पट्टीवर. तिथे कोणीतरी त्याची वाट बघणार होतं.

ती पट्टे सोडून उतरली आणि एस्टिलच्या खिडकीशी गेली. एकोणीस वर्षांत रांगेत उभं असताना तिने कधी प्रतिस्पर्ध्याच्या खिडकीशी पाऊल टाकलं नव्हतं. ते कोणीच करत नाही. तिथे जाऊन बोललेला प्रत्येक शब्द डाव समजला जातो.

“मी नाही लिहिले ते आकडे,” ती म्हणाली. “एकही नाही. शुक्रवारीच सांगायला हवं होतं. मला माफ करा.”

एस्टिलने तिच्याकडे पाहिलं नाही. तो समोर पट्टीकडे बघत होता. “कळलं होतं मला,” तो म्हणाला. “शनिवारी दुपारी कळलं. तू लिहितेस तेव्हा जीभ बाहेर काढतेस, पोरी. त्या दोन दिवसांत तुझ्या जिभेला पॉलिश लागलेलं दिसलं नाही.”

तिला हसू आलं नाही. “काचेवर काय आहे ते वाचलंत?”

“वाचलं.”

“अर्ध्यावर पाय काढा. मी हात जोडते. मी हरते हवं तर, मी चूक करते, वेळेआधी सुटून लाल दिवा लावून घेते. पण अर्ध्यावर पाय काढा.”

हातमोजा घातलेल्या हाताने एस्टिलने शेजारच्या रिकाम्या सीटवरची, तिथे नसलेली, धूळ झटकली. या वर्गात गाडीतल्या सगळ्या सीटा जागच्या जागी ठेवाव्या लागतात. “बरं,” तो म्हणाला. “तू म्हणतेस म्हणून.”

सुरुवातीच्या रेघेवरच्या माणसाने हात हलवला. गाड्या पुढे सरकल्या.

अर्मेलाला आधी हिरवा मिळाला. ती सुटली. वॅगन नाक उचलून निघाली, दुसरा गिअर, तिसरा. मागून निळ्या गाडीचं इंजिन गरजलं, वाढत आलं.

अर्ध्या पट्टीवर तो आवाज तुटला.

त्याने शब्द पाळला होता. आरशात तिला निळी गाडी मागे मागे पडताना दिसली. तिने देवाचं नाव घेतलं.

आणि तेवढ्यात डाव्या बाजूने वारा आला.

शेजारून गाडी निघते तेव्हा येतो तसा. वॅगन उजवीकडे ढकलली गेली, तिने चाक धरून ठेवलं. आवाज नव्हता. तिने डावीकडे पाहिलं.

पट्टी रिकामी होती. काळी, स्वच्छ, उन्हात चमकणारी.

शेवटच्या रेघेवर जिंकल्याचा दिवा लागला. डाव्या बाजूचा.

निळी गाडी त्यानंतर आली. इंजिन बंद, नुसती घरंगळत, संध्याकाळी गोठ्याकडे येणाऱ्या म्हशीसारखी सावकाश.

चिठ्ठीवर छापलं होतं : डावी बाजू, अर्ध्या पट्टीवर सात एकोणतीस, शेवटी अकरा अठ्ठेचाळीस. अर्मेला ती चिठ्ठी घेऊन मनोऱ्याखालच्या खिडकीशी गेली आणि म्हणाली की समोरच्याने अर्ध्यावर गाडी सोडली होती, हा आकडा होऊच शकत नाही. खिडकीतला माणूस चांगला होता. त्याने यंत्र पुन्हा तपासलं, वायर हलवून पाहिली आणि सांगितलं की शेवटच्या रेघेवरचा किरण एका गाडीने तोडला, ठीक अकरा अठ्ठेचाळीसला. आणि हरलेले जिंकलेल्याची तक्रार करतात हे त्याने पाहिलंय, पण ती अशा कारणासाठी कोणी केलेली आठवत नाही. क्लेटस सुरुवातीच्या रेघेवर उभा होता. त्याने एस्टिलचे ब्रेकचे लाल दिवे अर्ध्यावर लागलेले पाहिले होते. पुढचं विचारलं तर म्हणाला, ऊन डोळ्यांवर होतं. ऊन त्याच्या पाठीवर होतं.

दुपारी शेवटची फेरी. बारा वाजता बातमी आली की समोरच्या गाडीची गिअरपेटी फुटली आहे आणि ती येणार नाही. एस्टिल एकटा धावणार. असं झालं की कोणी गाडी पळवत नाही. हिरवा दिवा लागला की फूटभर पुढे जायचं, जिंकलात, इंजिन बंद. सगळे तेच करतात, गाडी वाचते.

अर्मेला त्याच्या तंबूत गेली तेव्हा तो खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. गाडीच्या सगळ्या काचा कोऱ्या होत्या. एकट्याने धावायचं तर आकडा लागत नाही, पण ते आठवूनही तिला बरं वाटलं नाही.

“फूटभर पुढे घ्या आणि थांबा,” ती म्हणाली. “जिंकलात तुम्ही. आणखी काही उरलं नाही.”

“सकाळी ती मला न्यायला आली होती,” एस्टिल म्हणाला. असा म्हणाला की जणू भाची बसने आली होती. “अर्ध्यावर मीच उतरलो. ती एकटी गेली पुढे. मी टोकाला पोचलो तर कॉटनवूडखाली कोणी नाही. तीन दिवस असायची. दार उघडलं की तिच्या हाताचा वास यायचा. आज नव्हती.” त्याने दुसऱ्या नाडीची गाठ मारली. “रुसली असेल. मी तर पहिल्या वर्षापासून सांगितलंय तिला, तू टोकाला थांब, मी शेवटपर्यंत येतो. कधी मध्ये सोडलं नाही. आज सोडलं.”

“माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे नाही गं. मला भीती वाटली.”

पट्टीच्या शेवटी, वळणाच्या पुढे, वाळूचा खड्डा आहे, त्यापुढे जाळं, त्यापुढे मका. ब्रेक न लावता तिथे पोचणारी गाडी किती वेगात असते हे दोघांनाही ठाऊक होतं. अर्मेला त्याच्यासमोर गवतावर गुडघ्यांवर बसली, म्हणजे तिचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले. ती माणसांकडे सहसा काही मागत नसे. जे मागायचं ते देवाजवळ मागायचं, अशी तिची रीत होती.

“तिथे कोणी असलं तर थांबाल?”

“कोण?”

“मी. पिकअप घेऊन मी जाते. झाडाखाली उभी राहते, दोर हातात घेऊन. तुम्हाला मी दिसले की ब्रेक लावायचा. मी जिवंत बाई आहे एस्टिल, मला तुमच्या गाडीला दोर लावायचाय आणि घरी जाऊन पोरांना जेवायला घालायचंय.”

त्याची दाढी एका बाजूला नीट झाली नव्हती. “तू दिसलीस तर लावीन,” तो म्हणाला. “पण तू एकटीच दिसली पाहिजेस. दोघी दिसलात तर मला सांगता येत नाही.”

“मी असेन,” ती म्हणाली. “शब्द देते.”

कर्ण्यावरून हौशी वर्गाच्या शेवटच्या फेरीची हाक झाली. क्लेटस निळ्या गाडीला ढकलायला गेला. त्याने बायकोकडे पाहिलं आणि तिच्या टोपीवरचा मक्याचा तुरा काढून टाकला. अर्मेलाने एस्टिलच्या पिकअपची किल्ली घेतली, पर्स शेजारच्या सीटवर टाकली, दोर मागे नीट गुंडाळून ठेवला आणि परतीच्या रस्त्याला लागली. स्टँड आता भरले होते. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिने माळ काढली नाही, दोन्ही हात चाकावर ठेवले.

टोकाकडे जायच्या फाटकाशी दोरी बांधून एक म्हातारा राखणदार स्टुलावर बसला होता, दरवर्षीचाच. ओढायच्या गाडीत माणसं किती हे तो बघून घेई आणि सोडी. तो उठला, दोरी सोडली. खिडकीतून आत वाकून त्याने अर्मेलाला टोपीला हात लावून नमस्कार केला.

मग तिच्या पलीकडे बघून, जरा आदबीने, पुन्हा एकदा टोपीला हात लावला.

अर्मेलाने मान वळवली नाही. तिने समोर बघतच उजवा हात लांब केला, शेजारच्या सीटवरची पर्स उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि गाडी पुढे काढली.